तीन वर्षं सहा वर्षांची

त्या घरात खोटं बोलता न येणारं माणूस एकच, आणि ती म्हणजे घरची सून. बाकी सगळे खोटं रडून, खोटं हसून आणि वेळ आलीच तर खोटं मरूनसुद्धा पोट भरणारे. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत. त्यांची उभी हयात नाटकात गेली. आता घरीच असायचे, पण जेवताना मीठ मागायचे तेसुद्धा असं, की समोरच्यानं राज्य सोडून वनात निघून जावं. सासूबाई मालिकांतल्या खाष्ट सासू. पडद्यावर सुनांना असं छळायच्या, की एकदा भाजीवालीनं त्यांना भाजीच दिली नाही. "आधी त्या पोरीला पोटभर घाला," म्हणाली. घरी मात्र लोण्याहून मऊ. नवरा जिथं तिथं पोलीस. त्याचं वाक्य एकच, "चला, गाडीत बसा." नणंद नायिकेची मैत्रीण. नायिका बदलायची, मालिका बदलायची, मैत्रीण हीच. तिचा नवरा बोटीवर नोकरीला, म्हणून ती आपल्या पाच वर्षांच्या मुलीला घेऊन माहेरी वरच्या मजल्यावर राहायची. त्या मुलीला सगळे धाकटी म्हणत.

सून शिंप्याची मुलगी. तिचा चेहरा म्हणजे काचेची बरणी, आत काय भरलंय ते बाहेरून दिसायचं. लग्न नवं होतं तेव्हा नवरा म्हणाला, "तुझ्यावाचून घर खायला उठतं." बिचारी सुखानं तरंगत होती. आणि त्याच आठवड्यात टीव्हीवर कुठल्याशा नायकानं तेच वाक्य म्हटलं, त्याच सुरात, तिथंच थोडं थांबून. तेव्हापासून तिच्या मनात जी पाल चुकचुकायला लागली, ती काही गप्प बसली नाही. सासूबाई गोड बोलल्या की तिला वाटायचं, ही तालीम असेल. नणंद हसली की वाटायचं, हे कुठल्या मालिकेतलं?

गोटी तिची मुलगी. जन्मली तेव्हा गोल, गुळगुळीत आणि हातात न ठरणारी, म्हणून गोटी. गोटीनं काम सुरू केलं तेव्हा तिला दातही नव्हते. सासूबाईंच्या मालिकेत नातू हवा होता, आणि ठरलेलं बाळ ऐन वेळी तापानं फणफणलं. सासूबाईंनी गोटीला दुपट्यात गुंडाळलं आणि नेलं. नातवाचं काम नातीनं केलं, आणि असं केलं की बाळ बरं झालं तरी कुणी त्याला परत बोलावलं नाही. मग साबणाच्या जाहिरातीत अंगाला फेस लावून बसली. बिस्किटाच्या जाहिरातीत इतक्या वेळा एकच बिस्कीट खाल्लं, की आजतागायत तिच्यासमोर बिस्किटाचा पुडा फोडायची सोय नाही. आणि सहा वर्षांची झाली तेव्हा ती मालिका मिळाली.

मोठ्या घरात आणून ठेवलेल्या एका पोरक्या मुलीची गोष्ट होती ती. रोज संध्याकाळी कुणीतरी तिला बोलायचं, आणि रोज ती रडायची. बाकीची मुलं डोळ्यांत ग्लिसरीन घालतात. गोटीला लागायचं नाही. दिग्दर्शक म्हणायचा, "गोटी, इथं रडायचं हं." गोटी विचारायची, "एका डोळ्यानं का दोन्ही?" आणि म्हणाल तसं पाणी काढून दाखवायची. तिकडे घराघरांतून बायका ताटावर बसून डोळे पुसायच्या.

गंमत अशी झाली, की मालिका वाढत गेली, पण गोष्टीतली मुलगी वाढायला तयार नाही. ती सहाचीच. मुलगी मोठी दाखवली तर लोकांना दया येणार नाही, असं चॅनेलवाल्यांचं म्हणणं. आता खरी मुलगी कुणाच्या म्हणण्यानं थांबते होय? गोटीचा पुढचा दात पडला, तर दातवाल्याकडून खोटा दात करून घेतला. शूटिंगला बसवायचा, जेवताना काढून डबीत ठेवायचा. उंची वाढली, तर सगळ्या मोठ्या माणसांना लाकडी खोक्यांवर उभं करायला लागले. खलनायक काका एकदा तिला ओरडता ओरडता खोक्यावरून घसरले आणि तिच्याच पायाशी येऊन पडले. सेटवर तिचा वाढदिवस व्हायचा तेव्हा केकवर दर वर्षी सहाच मेणबत्त्या. फोटो पेपरात जायचा ना.

आणि या सगळ्यात सुनेचं काय? तर तिलाही आयुष्यात पहिल्यांदा भूमिका मिळाली होती, गोटीची आई. एरवी घरी पाहुणे आले की आधी अण्णांच्या पाया पडायचे, मग बाकीच्यांचे फोटो काढायचे आणि शेवटी हिच्याकडे वळून म्हणायचे, "जरा पाणी मिळेल?" सेटवर मात्र हिच्यासाठी खुर्ची यायची. "गोटीच्या आई, पंखा इकडे करू का?" "गोटीच्या आई, तुम्ही सांगितलंत तर ती ऐकेल." त्या खुर्चीत बसून ती स्वेटर विणायची, आणि डोळ्यांत तेल घालून सगळ्यांवर नजर ठेवायची. गोटीचं काम गेलं तर हे सगळं गेलं, आणि पुन्हा आपण पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

असं असताना एके दिवशी ती कपड्यांच्या खोलीत गेली. गोटीचा मालिकेतला निळा फ्रॉक उसवला होता, तो दुसऱ्याकडून शिवून घेण्यात काय हशील म्हणून स्वतःच घ्यायला गेली. खुंटीवर फ्रॉक होता. हातात घेतला आणि हात थांबला. तोच निळा रंग, तीच पांढरी गळपट्टी, पण फ्रॉक लहान. खांद्यात लहान, कमरेत लहान. शिंप्याच्या पोरीला मापाची पट्टी लागत नाही.

"काका, हा कुणाचा?" तिनं ड्रेसवाल्या काकांना विचारलं.

काका इस्त्री फिरवत होते. इस्त्री तिथंच थांबली. "हा? हा आपला... गोटीचाच."

"गोटीचा? गोटीचा एक हात जाईल यात."

"आटला," काका म्हणाले.

"कापड आटलं, आणि गळपट्टी नाही आटली?"

तेवढ्यात इस्त्रीखालून धूर आला, आणि त्यांना बोलायचं नव्हतं त्याला चांगलं निमित्त झालं.

पाणी कुठंतरी मुरत होतं. दुसरा फ्रॉक शिवलाय म्हणजे दुसरी मुलगी बघितलीय. आणि त्या मापाची मुलगी शोधायला लांब जायला नको होतं. गेले काही दिवस नणंद धाकटीला घेऊन रोज सेटवर येत होती. स्वतःचं काम नसतानासुद्धा. विचारलं तर म्हणाली, "अगं वहिनी, गोटीच म्हणाली, आत्या ये ना, मला करमत नाही." करमत नाही म्हणे! आई चोवीस तास उशाशी असताना?

मग एकेक गोष्ट दिसायला लागली. नणंद हल्ली आपण होऊन चहा आणून द्यायची. आलं घालून. कुणी उगीच कुणाला आलं घालून चहा देतं का? दिग्दर्शक धाकटीच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि मग हात तसाच सरळ आपल्या पोटापर्यंत आणायचा. लाड करत होता का उंची मापत होता? नवरा फोनवर बोलता बोलता ही खोलीत आली की "बरं बरं, बघू" म्हणून फोन ठेवायचा. आणि धाकटी! एरवी भोकाड पसरून रडणारी पोर परवा पडली, तर गुडघा धरून, मान वाकडी करून, नुसते ओठ थरथरवत रडली. अगदी गोटीसारखी. हे कुणी शिकवलं?

तिनं नवऱ्याजवळ विषय काढला. "तुमच्या बहिणीच्या मनात काय आहे?"

"काय असणार?"

"धाकटीला गोटीच्या जागी बसवायचंय."

नवरा मोठ्यानं हसला. आता हे हसणं खरं का पोलीस स्टेशनमधलं, हे तिला कुठं कळायला? "तू ना, माझ्यापेक्षा चांगली पोलीस झाली असतीस," तो म्हणाला. तिला वाटलं, बघा कसं अंगावर येऊ न देता सटकला.

शेवटी एकदा सगळे जेवायला बसले असताना तिचा बांध फुटला. नणंद तिच्या ताटात वाढत होती, तेवढं निमित्त झालं.

"ताई, इतकी माया नका करू. ज्याच्या ताटातलं काढून घ्यायचं त्यालाच वाढायचं, हे मालिकेत शोभतं."

नणंदेचा हात तसाच राहिला. "म्हणजे काय म्हणायचंय तुला?"

"फ्रॉक मी बघितलाय. धाकटीच्या मापाचा."

"कसला फ्रॉक?"

"वा! काय चेहरा केलात! काहीच ठाऊक नाही तुम्हाला, अं?"

"वहिनी, माझा चेहराच असा आहे!" नणंद रडवेली झाली आणि उठून वर निघून गेली. जाताना जिन्यात एकदा थांबली. सुनेला वाटलं, बघा, वळून बघण्यासाठी थांबली, नाटकातल्यासारखी. खरं तर तिची चप्पल निसटली होती.

अण्णा म्हणाले, "प्रवेश जोरकस झाला. पण जेवण होऊ द्यायचं होतं." गोटीनं मात्र ताट सारलं आणि म्हणाली, "माझं झालं." तिच्याकडे कुणी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी शूटिंगला सुट्टी होती. दुपारी घर डुलकीला लागलेलं. सून वाळलेले कपडे द्यायला वरच्या मजल्यावर गेली, तर न्हाणीघरातून आवाज येत होता. दार लोटलेलं. ती कान टवकारून उभी राहिली. "मला घराबाहेर काढू नका, मी तुमची सगळी कामं करीन." हे गोटीचं वाक्य. आवाज धाकटीचा.

सापडली! आता आईलेकींना रंगेहाथ पकडते, म्हणून तिनं दार ढकललं.

आत नणंद नव्हतीच. उपड्या बादलीवर गोटी बसली होती, हातात कंगवा घेऊन, दिग्दर्शक कागदाची सुरळी धरतो तसा. समोर धाकटी, अंगात तो निळा फ्रॉक. आणि गोटी तिला सांगत होती, "नाक नाही पुसायचं. नाक पुसलंस की परत करायला लागतं. पाणी ओठापर्यंत येऊ द्यायचं, मग 'कट' म्हणतात."

सुनेच्या हातातले कपडे खाली पडले. "हे काय चाललंय?"

धाकटी तत्परतेनं म्हणाली, "मामी, मी दोन्ही डोळ्यांनी रडते. दाखवू?"

"खाली जा," गोटी तिला म्हणाली. ती गेली. मग आईकडे न बघता गोटी म्हणाली, "आत्याला काहीच माहीत नाही. फ्रॉक मीच शिवायला सांगितला. काकांना म्हटलं, आम्हाला सारखे सारखे घालून खेळायचंय, कुणाला सांगू नका. आत्याला सेटवर मीच बोलवत होते. म्हणजे सर धाकटीला बघतील."

"पण का गं?"

"मला सहाचं राहायचं नाहीये, आई. तीन वर्षं झाली. माझ्या वर्गातल्या सगळ्या नऊच्या झाल्या. मलाही व्हायचंय."

"मग बोलायचंस ना, बाळा! सरळ सांगायचं मला."

"सांगितलं होतं."

"कधी?"

"मागे. सगळे बसले होतात तेव्हा. मी म्हटलं, मला नाही जायचं शूटिंगला, मला नको आहे हे. रडलेपण. तर आजी म्हणाली, वा, फक्त 'नको'वर जरा थांब. आजोबा म्हणाले, श्वास खोल घे. बाबा म्हणाले, थांब थांब, परत कर, मी फोनवर घेतो. मग मी परत केलं." गोटी कंगव्याचे दाते बोटानं वाजवत राहिली. "तू टाळ्या वाजवल्यास."

सुनेला आठवलं. चांगलं आठवलं. अभिमानानं तिचा ऊर भरून आला होता त्या दिवशी. साऱ्या जगाच्या तोंडावरचं खोटं शोधत फिरली, आणि पोटची पोर तोंडावर खरं बोलली तेव्हा टाळ्या पिटल्या. ती गोटीसमोर ओल्या फरशीवरच बसली.

"धाकटीवर कशाला ढकललंस?" तिनं विचारलं.

"ढकललं नाही. तिला आवडतं. मी कितीदा विचारलं तिला." मग हळूच म्हणाली, "आई, आजीला सांगू नकोस मला नकोय म्हणून. तिला वाटेल, तिनं शिकवलेलं मला आवडलं नाही."

हे रडणं नव्हतं. गोटीचे डोळे कोरडे ठणठणीत होते. तरीही सुनेच्या मनात ती पाल एकदा चुकचुकलीच, की कोरडे डोळेसुद्धा मुद्दाम ठेवले असतील का? तिनं त्या विचाराला मनातल्या मनात एक चापट मारली.

संध्याकाळी दिग्दर्शक घरी आला. चॅनेलनं मालिका वर्षभर वाढवली होती. "धाकटी पण चुणचुणीत आहे हो, पण गोटी ती गोटी," तो म्हणाला. "अजून एक वर्ष ती सहाची निघेल. कॅमेरा जरा उंचावर लावू. फक्त गोटीच्या आईंचा होकार हवा." अण्णांनी समाधानानं मान डोलावली. नवऱ्याचा चेहरा उजळला. नणंद रुसून कोपऱ्यात बसली होती, पण तीही म्हणाली, "हो, गोटीच हवी." गोटी दाराला टेकून उभी. सगळे सुनेकडे बघत होते.

खरं सांगावं तर गोटीचं गुपित फुटणार. न सांगावं तर पोर अजून वर्षभर सहाचीच. सुनेनं रुमाल मुठीत धरला आणि आयुष्यातलं पहिलं खोटं बोलायला तोंड उघडलं.

"नाही जमणार. तिच्या डोळ्यांना... दिवे सोसत नाहीत. डॉक्टरांनी बंद करा म्हणून सांगितलंय."

आवाज कापत होता. कान लाल झाले होते. रुमालाची पार चिंधी झाली होती. शेंबडं पोरही म्हणालं असतं, ही बाई थापा मारतेय.

"डॉक्टर?" नवरा म्हणाला, "कुठले डॉ..." आणि मध्येच कळवळला, कारण सासूबाईंची टाच त्याच्या अंगठ्यावर पडली होती.

आता नाटकवाल्यांची एक रीत असते. रंगमंचावर एखादा वाक्य विसरला, भलतंच बोलला, तर बाकीचे त्याच्याकडे वळून बघत नाहीत. त्याला सांभाळून घेतात. तो जे बोलला तेच खरं धरून पुढं चालायचं. का विसरलास, हे पडदा पडल्यावरसुद्धा विचारायचं नाही.

"कोपऱ्यावरचे डॉक्टर," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "मीच घेऊन गेले होते तिला."

नणंदेनं कप खाली ठेवला. रुसलेली ना ती, तरी म्हणाली, "मीही होते ना. बाहेर बसले होते. चष्मा सांगितलाय."

"नेत्र!" अण्णा गरजले. खोलीतल्या काचा हलल्या. "नेत्र म्हणजे नटाचा दिवा! तो डॉक्टर सांगताना स्वतः हुंदके..."

"अहो, चहा निवतोय तुमचा," सासूबाई म्हणाल्या. अण्णा हुंदक्यावरच थांबले.

"त्यामुळं आमचाही नाइलाज आहे," नवरा अंगठा दाबत म्हणाला, आणि सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं, "चला, गाडीत..." मग खोकला काढला.

दिग्दर्शकानं एकेकाकडे बघितलं. या घरातल्या सगळ्यांबरोबर त्यानं काम केलेलं. त्याला काय कळलं आणि काय नाही, देव जाणे. "डोळे जपा," एवढंच म्हणाला. जाताना धाकटीला विचारलं, "काय गं, येशील?" धाकटीनं आधी आईकडे बघितलं, मग दोन्ही डोळ्यांतून पाणी काढून दाखवलं.

तो गेल्यावर सून नणंदेजवळ गेली. "ताई, चुकलं माझं."

"ते मला ठाऊक आहे," नणंद म्हणाली. "पण मी अजून रुसलेली आहे. आलं घालून चहा आणून दे, मग बघते."

सुनेनं स्वयंपाकघरात आधण ठेवलं. सासूबाई मागून आल्या. हातात त्यांची जुनी मेकअपची पेटी. तिच्यात दाढ्या, मिशा, खोटे दागिने. त्यातून त्यांनी एक लहानसा चष्मा काढला, साध्या काचांचा, आणि ओट्यावर ठेवला.

"गोटीला चार दिवस घालायला लाव. एकदा बोललो की निभवायला हवं."

सून बघतच राहिली. "म्हणजे तुम्हाला कळलं? आई, कधी कळलं? गोटीचं सगळं..."

"काय कळलं?" सासूबाई म्हणाल्या. त्या चेहऱ्यावर काही म्हणता काही नव्हतं. "तू मात्र हात कुठं ठेवावेत ते शीक. रुमालाशी झोंबाझोंबी करत होतीस. पण आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला हो."

धाकटीनं ते काम पुढं वर्षभर केलं आणि जीव ओतून केलं. सेटवर "धाकटीच्या आई, पंखा इकडे करू का?" व्हायला लागलं. सून घरी राहिली. पाहुणे आले की पाणी द्यायची, पण आता पाणी देऊन तिथंच बसायची. गोटीनं केस कापून घेतले, वर्गातल्या मुलींशी भांडली, गणितात नापास झाली आणि भराभरा वाढली. आज ती बाईमाणूस आहे, दूरच्या शहरात लहान मुलांचे दात बघते. टीव्हीवर कधी जुनी मालिका लागली तर ती नाही, बाकीचे बघतात.

दर रविवारी तिचा फोन येतो. "आई, मी बरी आहे."

सून गॅस बंद करते, खुर्ची ओढून बसते. "खरंच?"

"खरंच गं."

"मग काय काय झालं ते सांग," सून म्हणते. आणि टाळ्या न वाजवता, मध्ये न बोलता, सगळं ऐकून घेते.